कर्णोपकर्णी

आपल्या मराठी भाषेने डोळ्यांपेक्षा कानांची काळजी अधिक वाहिली आहे, असे माझे जुने मत आहे. कुणी कान भरतो, कुणी कान फुंकतो, कुणी कान टोचतो, आणि जो बळी असतो तो दुसऱ्याचा कान पिळतो. भिंतींनाही आपण डोळे दिले नाहीत, कान दिले. पाहून न पाहिल्यासारखे करायचे असले तरी त्या कामगिरीवर आपण एकट्या डोळ्याला धाडीत नाही. सोबतीला कान देतो आणि त्या जोडीला 'कानाडोळा' म्हणतो. एवढी शब्दसंपत्ती ज्या इंद्रियापाशी आहे, त्याच्यासाठी बाजारात काही घ्यायला निघाला की मराठी माणूस मात्र मुका होतो. चष्मा घेताना तो आरशासमोर तासभर उभा राहील, जोडा घेताना दुकानभर चालून पाहील. पण कानांसाठी वस्तू घ्यायची झाली की दुकानदाराने खोका पुढे सरकवावा आणि याने निमूटपणे पैसे मोजावेत!

हा विषय मराठीच्या प्राध्यापकाने का काढावा, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण असे की २०२० च्या मार्च महिन्यापासून आम्हा मास्तर लोकांचा फळा गेला आणि संगणक आला. पुढे फळा परत मिळाला, पण संगणक काही गेला नाही. आता तो घराघरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मानाची जागा अडवून बसला आहे. त्यावर व्याख्याने होतात, नाटके पाहिली जातात, मैफिली ऐकल्या जातात, आणि परदेशी गेलेल्या मुलांची ख्यालीखुशालीही त्यातूनच कळते. या सगळ्यात चित्राची तक्रार क्वचित ऐकू येते. तक्रार असते ती आवाजाची. 'ऐकू येतंय का?' हे या युगाचे 'श्रीगणेशाय नमः' होऊन बसले आहे.

तेव्हा, वाचकहो, ही दिवाळीची खरेदी करण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी की दुकानात जाण्यापूर्वी घरातली माणसे मोजावीत. आमच्या घरात ती चार आहेत. मला व्याख्याने ध्वनिमुद्रित करायची असतात. आमच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून ऐकू येईल असे नाट्यसंगीत हवे असते. बारावीतल्या चिरंजीवांना कुणालाही ऐकू येणार नाही असे काहीतरी हवे असते. आणि माझे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना वयाच्या ७९ व्या वर्षी बातम्या कळायला हव्या असतात. या चार गरजा एका खोक्यात मावणाऱ्या नाहीत. 'सगळ्यांना चालेल असे दाखवा' म्हणणारा ग्राहक हा दुकानदाराचा लाडका ग्राहक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे कुठे खर्चावेत. संगणकात आवाज असतो तो आकड्यांच्या रूपाने. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदात ध्वनीची ४४,१०० मापे घेतलेली असत. मापांच्या निम्म्या संख्येइतकी कंपने त्यातून परत उभी करता येतात, आणि तरुण निरोगी कानाची वरची मर्यादा सेकंदाला २०,००० कंपनांची; म्हणजे गणित पुरेसे सुटले. हे आकडे वाचून त्यांची वीज करणारा भाग आज साध्या संगणकातही बऱ्यापैकी असतो. बिघडते ते शेवटच्या टप्प्यात, विजेचे रूपांतर हवेच्या हालचालीत होते तिथे. लोहचुंबकात तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा, आणि त्याची थरथर. अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये या रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच घराण्यातला आहे. म्हणून पैसा खर्च करावा तो या पडद्यावर आणि त्याच्या पेटीवर. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा घेऊन घरगुती स्पीकरचा आवाज सुधारत नाही. सोने पत्नीसाठी घ्यावे. ते तरी कारणी लागते.

आता त्या प्रसिद्ध 'वॅट'विषयी. खोक्यावर जेवढे मोठे वॅट तेवढा मोठा आवाज, असा आपला सरळ हिशोब असतो. एके काळी आपल्याकडच्या खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' अशी चार अक्षरे आणि त्यापुढे हजाराच्या घरातला आकडा झळकत असे. यंत्र क्षणभर कमाल किती उसळी मारील, याचा तो कल्पनाविलास होता. पाहायचा असतो तो 'आर.एम.एस.' हा आकडा, कारण सतत वाजत राहण्याची ताकद तो सांगतो. आणि तोही डोळे मिटून नव्हे. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने चढतो, म्हणजे जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबल चढावा लागतो, आणि त्यासाठी वीज दहापट लागते. उलट मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की फुकटात ६ डेसिबल मिळतात. टेबलावर दोन हातांच्या अंतराने बसून ऐकणाऱ्याला दहा-वीस खरे वॅट भरपूर होतात. बाकीचे शेजाऱ्यांसाठी.

पेटीचे महत्त्व मला पुस्तकात वाचून कळले नव्हते. ते मिरजेत कळले. आमच्या या गावात तंबोरे आणि सतारी घडतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. त्यांना मी एकदा विचारले, "चाचा, तार तर एवढीशी. मग आवाज एवढा कुठून येतो?" पंढरपूरकडून आलेला एक वाळका भोपळा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सर, तार नुसती बोलते. ऐकवतो तो हा."

स्पीकर निवडताना मला त्यांचे हे वाक्य उपयोगी पडले. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. लॅपटॉपच्या पोटातल्या सुपारीएवढ्या पडद्याला एवढी संथ आणि मोठी हालचाल झेपत नाही. खर्जाचा मूळ स्वर तो जवळजवळ गाळूनच टाकतो. मग लॅपटॉपवरही तंबोरा ओळखू कसा येतो? इथे आपला मेंदू धावून येतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर कानी पडले की तो गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. पूर्वीच्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर त्याच्याही खाली, सव्वाशेच्या आसपास. तरीही फोनवर वडील आपल्याला वडीलच वाटत, बालगंधर्व वाटत नसत! पण मेंदूने भरलेली ही रिकामी जागा म्हणजे उपासाची भगर. पोट भरते, पण भात जेवल्याचे समाधान नसते. ज्याला गाणे मन लावून ऐकायचे आहे त्याने पेटी थोडी मोठी, शक्यतो लाकडी भुशाच्या जाड फळ्यांची, आणि पडदा निदान चार इंच व्यासाचा घ्यावा. पेटी बोटाने वाजवून पाहावी. ती पत्र्याच्या डब्यासारखी खणखणली तर ती गाण्यात स्वतःचे पद मिसळणार हे नक्की.

यात 'टू पॉइंट वन' म्हणून एक प्रकार असतो. त्यात दोन लहान पेट्या आणि खर्जासाठी एक मोठी पेटी येते. सिनेमा पाहणाऱ्याला यात मजा आहे. पण स्वस्त संचात ही तिसरी पेटी घरात आलेल्या मोठ्या आवाजाच्या पाहुण्यासारखी वागते. डग्ग्याच्या घुमाऱ्यात गायकाचे शब्द बुडून जातात. तेवढ्याच पैशांत दोनच पण चांगल्या पेट्या येत असतील तर मी दोन घेईन. ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो अशा पेट्या संगणकाला थेट जोडता येतात, आणि घरगुती वापराला त्याच सोयीच्या.

पेट्या घरी आणल्यावर मात्र बहुतेक लोक त्या जागा असेल तिथे कोंबतात. एक संगणकाशेजारी, दुसरी कपाटावर गणपतीच्या बाजूला! खरी रीत सोपी आहे. दोन पेट्या आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. पेटीतला लहान पडदा कानाच्या उंचीला यावा. पेटी कोपऱ्यात घुसवू नये. कोपरा खर्ज फुगवतो. मग खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी द्यावी. टाळीमागे झणझण उमटली तर खोली मोकळी आणि भिंती उघड्या आहेत. अशा खोलीत कितीही मोलाचा स्पीकर लावा, तो देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखाच वाटेल. उपाय घरातच असतात. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीला पुस्तकांचे भरलेले कपाट. न वाचलेल्या पुस्तकांचाही उपयोग होतो, हे मी माझ्या प्राध्यापक मित्रांना दिलासा म्हणून सांगतो. व्याख्यान ध्वनिमुद्रित करताना मी समोरच्या दांडीवर आईच्या हातची गोधडी टाकतो. तिच्याइतकी आवाज पिणारी दुसरी वस्तू मला बाजारात दिसलेली नाही.

आता हेडफोन. अमेरिकेतल्या नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून १९१० मध्ये तिथल्या आरमाराला पुरवले, तेव्हा त्यांचे काम बिनतारी संदेश ऐकण्याचे होते. गाणे ऐकण्यासाठी दोन कानांना दोन वेगळे आवाज देणारा हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये लोकांपुढे आणला. तेव्हापासून ही वस्तू करमणुकीची झाली.

त्यात मुख्य जाती तीन. कानाच्या भोकात बसणारी, कान झाकून मागून बंद असणारी, आणि कान झाकून मागून जाळी असणारी. जाळीवाल्या हेडफोनचा आवाज मोकळा असतो, डोक्याबाहेर पसरल्यासारखा. पण तो आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत सोडतो. शांत खोलीत एकट्याने मैफल ऐकणाऱ्याचे हे भूषण आहे. घरात कुकरच्या शिट्ट्या आणि दारावर भंगारवाला असेल तर मागून बंद असलेला बरा. कानात बसणारा प्रवासाला सोयीचा. मात्र त्याच्या टोकाची रबरी टोपी आपल्या कानाच्या मापाची हवी. ती सैल बसली की खर्ज गळतो, मग माणूस आवाज वाढवत जातो.

खोक्यावर 'ओहम' नावाचे एक माप असते, तेही वाचावे. ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन कोणताही संगणक हाकतो. अडीचशे-तीनशे ओहमचा हेडफोन स्टुडिओत शोभतो. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो, आणि संगणकाला थेट जोडला तर तो आजारी माणसासारखा कण्हतो. दुसरी अडचण जोडणीची. घरगुती संगणकाला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात; हिरवे ऐकण्याचे, गुलाबी बोलण्याचे. मोबाइलबरोबरच्या हेडफोनच्या टोकावर तीन काळ्या रेघा असतात आणि ऐकणे-बोलणे दोन्ही त्या एकाच टोकातून चालते. ते टोक हिरव्या भोकात घातले की ऐकू येते, पण बोललेले पोहोचत नाही. कित्येक लोक यावर माइक बिघडला म्हणून नवा हेडफोन आणतात. वास्तविक दोन शेपटांची एक लहानशी जोडतार घेतली की काम होते.

बिनतारी हेडफोन सुटसुटीत खरा, पण त्याच्या दोन खोडी ध्यानात असाव्यात. आवाज हवेतून पोहोचायला सेकंदाचा एखादा-दुसरा दशांश उशीर होतो. चित्रपट पाहताना संगणक तेवढे चित्र थांबवून घेतो. परंतु पेटी वाजवून त्याबरोबर स्वतःला ऐकू पाहणाऱ्याचा ताल पार चुकतो. दुसरी खोड अशी की बहुतेक बिनतारी हेडफोनांचा माइक चालू झाला की ऐकण्याचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. तेव्हा शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने तार सोडू नये. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवावा, नाही तर 'प', 'फ' आणि 'भ' ही अक्षरे ऐकणाऱ्याच्या कानात फटाक्यासारखी फुटतात.

आतापर्यंतचे सगळे वस्तूंविषयी झाले. आता कानांविषयी.

आमच्या घरात गेली दोन-तीन वर्षे एक मूक भांडण चालू होते. नाना बातम्या लावीत आणि आवाज वाढवीत. सूनबाई स्वयंपाकघरातून "नाना, जरा कमी करता का?" म्हणत. ते कमी करीत आणि थोड्या वेळाने उठून आपल्या खोलीत जात. हळूहळू त्यांनी बैठकीच्या खोलीत बसणेच सोडले. विचारले तर म्हणत, "मला ऐकू येतं रे, पण ही हल्लीची मंडळी तोंडातल्या तोंडात बोलतात." आम्ही समजत होतो की म्हातारपणचा हट्ट आहे.

वास्तविक ते अक्षरशः खरे बोलत होते. व्याकरणात आपण वर्णांचे स्वर आणि व्यंजने असे दोन भाग करतो. ध्वनीच्या दृष्टीने बोलण्यातला जोर बहुतांशी स्वरांत असतो, आणि तो सेकंदाला हजार कंपनांच्या खालच्या भागात. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांवर अवलंबून. 'स', 'श', 'त', 'फ' ही व्यंजने नाजूक आणि वरच्या पट्टीत असतात. 'स'ची सीत्कारी तर चार हजारांच्या पुढे. वय वाढते तशी कानाची धार नेमकी वरून बोथट होत येते. म्हणजे स्वर पोहोचतात, व्यंजने गळतात. 'सात', 'हात' आणि 'भात' यांतला 'आ' तेवढा हाती लागतो. पानात भात वाढला आहे, पण डावी-उजवी बाजू कोरडी. अशा पंगतीला माणूस किती दिवस बसेल? आणि आवाज वाढवल्याने काय होते? भातच वाढतो. वर खर्ज घुमवणारा स्पीकर असला की उरलीसुरली चटणीही त्याखाली दडपली जाते.

नवे स्पीकर आणले त्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. संगणकात आवाजाचे वेगवेगळे भाग कमी-जास्त करण्याची सोय असते. त्यात खर्ज उतरवला आणि दोन ते चार हजारांचा भाग थोडा चढवला. दोन्ही पेट्या नानांच्या खुर्चीजवळ, कानाच्या उंचीला आणल्या. लावण्यासाठी मी मुद्दाम बातम्या निवडल्या नाहीत. माझ्या आईच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट होती. आई जाऊन अकरा वर्षे झाली. ती कॅसेट मी संगणकात उतरवून घेतली होती, आणि दुकानोदुकानी स्पीकर पारखताना तीच माझी कसोटी होती. काही स्पीकरांतून आई विहिरीच्या तळातून गायल्यासारखी ऐकू येई, तर काहींतून पत्र्याच्या शेडमधून. एकातून तिच्या बांगड्यांची किणकिण आणि ओवी संपताना घेतलेला श्वास ऐकू आला. तो मी घेतला.

आवाज नेहमीपेक्षा चढा नव्हता. नाना डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या ओवीला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "इथे ती नेहमीच चुकायची. शब्द बदलून म्हणते बघ. मी सांगून थकलो."

मी ती ओवी पुन्हा लावली. खरोखरच तिने शब्द बदललेला होता. इतकी वर्षे तो माझ्याही लक्षात आला नव्हता.

पुढच्याच सोमवारी नाना आपण होऊन माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे आले. त्याआधी दोन वर्षे 'यंत्र लावायला मी काही बहिरा नाही' हे त्यांचे उत्तर ठरलेले होते. तिथे त्यांच्या कानांचा आलेख काढला. खालच्या भागात जवळजवळ सपाट आणि दोन हजारांपुढे घाटासारखा उतरता. श्रवणयंत्र त्या आलेखाच्या मापाने बसवले गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण स्पीकर हे काही औषध नव्हे. संगणकावरची खटपट एवढेच दाखवते की दोष हट्टाचा नाही, व्यंजनांचा आहे. ज्यांच्या घरी कुणी 'लोक तोंडातल्या तोंडात बोलतात' अशी तक्रार करीत असेल, त्यांनी आवाज वाढवण्याआधी आलेख काढून घ्यावा.

दुसरे टोक आमचे चिरंजीव. नानांचे कान वयाने बोथट झाले. याच्या पिढीचे कान आपल्या हाताने बोथट होत आहेत. कानातल्या शंखात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास अशी आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. आणि वरचे गणित चक्रवाढ व्याजासारखे निर्दय आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. ९८ ला सबंध आठवड्याचा कोटा जेमतेम ३७ मिनिटांचा.

हा कोष्टकाचा कागद मी चिरंजीवांपुढे ठेवला. उपदेश केला नाही. बारावीतल्या मुलाला उपदेश केला तर तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो, आणि हेडफोन असला तर या कानातही घेत नाही. त्याने गणित तपासले आणि विचारले, "बाबा, मग बसमध्ये काय करायचं? गोंगाटात कमी आवाजावर काही ऐकूच येत नाही." प्रश्न रास्त होता. सांगली-मिरज बसमध्ये इंजिनाच्या वर ऐकू यावे म्हणून माणूस आवाज चढवतो, आणि कळायच्या आत नव्वदी गाठतो. म्हणून त्याच्यासाठी बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन घेतला. बाहेर शांतता झाली की आत आवाज वाढवावाच लागत नाही. तरुणांसाठी या एका सोयीवर दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. एक साधी खूणही त्याला सांगितली. हेडफोन काढल्यावर कानात गुंई ऐकू आली, किंवा हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे दबलेले वाटले, तर कानांनी तक्रार नोंदवली आहे असे समजावे.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित होत असे, तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्याकडे सारी आळी जमे, असे नाना सांगतात. एक पेटी आणि वीस कान. आज कानागणिक वेगळी पेटी झाली आहे. याचा मला राग नाही. अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आईला एकाच छपराखाली सुखाने नांदवणारी वस्तू वाईट कशी म्हणू? एवढेच वाटते की घरात हेडफोन कितीही असले तरी दोन चांगल्या पेट्या सर्वांच्या मालकीच्या असाव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी एकाच वेळी एकच काही ऐकावे. मग त्यावरून भांडणे झाली तरी चालतील.

तेव्हा या दिवाळीत खरेदीला जाताना खिशात पैशांबरोबर एक ओळखीचा आवाज घेऊन जा. आईचा असो, मुलाचा असो, वर्षानुवर्षे ऐकलेल्या एखाद्या गायकाचा असो. दुकानदाराने लावलेले ढणढणते गाणे बंद करायला सांगा आणि आपला आवाज लावा. तो माणूस समोर बसल्यासारखा वाटला तर वस्तू घ्या. नाही वाटला तर पुढचे दुकान गाठा. आणि ज्यांचे कान थकले आहेत त्यांना बरोबर न्यायला विसरू नका. निवडीला वेळ लागेल, लागू द्या. त्यांच्या ताटात व्यंजने पडली की नाहीत, हे तेच सांगू शकतील.